छावणी वाढते; तिचा बाजार कोणी वसवावा?

देवनार हे नाव उच्चारले की मुंबईकर गृहस्थाच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात, कचरा आणि कत्तलखाना. कचरा तेथे १९२७ पासून पडत आला आहे आणि कत्तलखाना १९७१ पासून चालू आहे. सायन-पनवेल रस्त्याने पुण्यास जाणारी आमची सुशिक्षित कुटुंबे मानखुर्दपाशी मोटारीच्या काचा वर करून घेतात, आणि काच पुन्हा खाली होईपर्यंत मोटार वाशीच्या पुलावर पोहोचलेली असते. मधल्या टापूत जी माणसे राहतात त्यांच्याविषयी ह्या कुटुंबांचे एक मत मात्र कायमचे ठरून गेलेले आहे: ‘‘ही मंडळी कोठून तरी येतात, सरकारी जागा बळकावून बसतात, आणि उद्या अणुकेंद्राच्या भिंतीलाही जाऊन भिडतील. ह्यांना वेळीच आवरले पाहिजे.’’ हे मत आम्ही चहाच्या टेबलाशी ऐकले आहे, लग्नकार्यात ऐकले आहे, आणि फार काय, नगररचनेवर व्याख्याने देणाऱ्या विद्वानांच्या तोंडूनही ऐकले आहे. ते खोटे आहे, आणि खोटे असून सोयीचे आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे आम्हांस प्राप्त झाले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. राष्ट्राच्या संरक्षणासाठी किंवा सामर्थ्यासाठी कुंपण घालून जी ठाणी राखली जातात, मग ते तोफखान्याचे ठिकाण असो, आरमाराचे कोठार असो की अणुसंशोधनाचे केंद्र असो, ती वाढू लागली की त्यांच्याभोवती वस्तीही वाढते. ही वाढ अपघाताने होत नाही. बऱ्याच अंशी ठाणेच ती घडवून आणते. म्हणून त्या वस्तीच्या पाण्याची, मोरीची, शाळेची व दवाखान्याची तजवीज हा ठाण्याच्याच आराखड्याचा आणि ठाण्याच्याच खर्चाचा भाग समजला गेला पाहिजे. आपल्याकडे आराखडा कुंपणापाशी संपतो आणि कुंपणाबाहेर जे उरते त्याला ‘अतिक्रमण’ हे एकच नाव दिले जाते. ह्या लेखात सोयीसाठी अशा सर्व ठाण्यांना आम्ही ‘छावणी’ हा एकच शब्द वापरणार आहोत. अणुकेंद्र ही काही छावणी नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु १९७४ साली पोखरणला जो स्फोट झाला त्याचे प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ अणुभट्टीतून आले होते, एवढे स्मरण दिले म्हणजे हा शब्द फारसा अस्थानी वाटू नये.

छावणीमागे बाजार चालतो, हे ज्ञान आपल्याला कोणा परदेशी पंडिताकडून घ्यावयाचे नाही. पानिपतास गेलेल्या फौजेबरोबर लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांची संख्याच अधिक होती, असे इतिहासकार सांगत आले आहेत. वाणी, लोहार, नालबंद, भिस्ती, वैरणवाले, मोलकरणी, यात्रेकरू, अशा सर्वांना मिळून आपण ‘बाजारबुणगे’ हे तुच्छतेचे नाव दिले आणि १७६१ च्या पराभवाचे निम्मे खापर त्यांच्या माथी फोडून मोकळे झालो. पण भिस्ती नसेल तर शिपायाने पाणी कोठून प्यावे, आणि नालबंद नसेल तर घोडा किती कोस चालावा? बुणगे फौजेबरोबर आले हा दोष बुणग्यांचा नव्हता. ते येणारच हे जाणून त्यांच्या मुक्कामाची, दाण्याची व रक्षणाची व्यवस्था ज्यांनी आधी लावावयाची ती लावली नाही, त्या कारभाराचा होता. शब्द जुना झाला तरी त्यातली तुच्छता अजून ताजी आहे. देवनार-मानखुर्दच्या माणसांविषयी आज जे बोलले जाते ते ह्याच जातीचे आहे.

ह्या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणपणा परक्या राज्यकर्त्यांनी दाखवला, हे कबूल करताना कोणालाही आनंद होणार नाही. आम्हांलाही होत नाही. १८१७ साली खडकीची लढाई जिंकल्यावर इंग्रजांनी पुण्याजवळ छावण्या घातल्या. पुण्याच्या लष्करात फिरलेल्या माणसाला त्या छावणीच्या पोटातला सदर बाजार ठाऊक असतो. तो बाजार चोरून वसलेला नाही. छावणीबरोबर तोही नकाशावर आखला गेला. पुढे १८६३ साली हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. गोऱ्या फौजेत दरसाल हजारी ६९ माणसे मरत होती, आणि ती बहुतेक शत्रूच्या हाताने मरत नव्हती, पटकी, हिवताप व हगवण ह्यांनी मरत होती. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी ह्या कामी पुष्कळ खपून एक गोष्ट सरकारच्या गळी उतरवली ती अशी, की छावणीचे आरोग्य छावणीत ठरत नाही. ते शेजारच्या बाजारात आणि खेड्यात ठरते. १८६४ च्या छावणी कायद्यापासून पुढे बाजारातील गटारे, विहिरी, कसाईखाने ह्यांची जबाबदारी छावणीच्या अधिकाऱ्यांवर आली, आणि १९२४ च्या कायद्याने बाजारातील रहिवाशांना कारभारात निवडून दिलेले प्रतिनिधीही मिळाले. हे सारे गोऱ्या शिपायाच्या जिवासाठी होते, आपल्या लोकांच्या कल्याणासाठी नव्हे. ते राज्य स्वार्थी होते. पण आपला स्वार्थ कुंपणाबाहेरही पसरलेला आहे एवढे त्याला समजत होते. स्वकीयांच्या राज्याकडून ह्याहून कमी समजुतीची अपेक्षा कोणी का करावी?

आता ट्रॉम्बेकडे वळू. १९५४ च्या जानेवारीत येथे अणुशक्ती प्रतिष्ठानाची स्थापना झाली. १९५६ च्या ऑगस्टमध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली, १९६० साली ‘सायरस’ आली, आणि डॉ. होमी भाभांच्या अपघाती मृत्यूनंतर १९६७ साली संस्थेला त्यांचे नाव मिळाले. ह्याच काळात शेजारी माहुलच्या बाजूला तेलशुद्धीचे दोन कारखाने उभे राहिले; १९६० नंतर खताचा कारखानाही आला. सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर मानखुर्दला आरमाराचे ‘तानाजी’ हे ठाणे आहेच. पूर्वी जेथे कोळीवाडे, मिठागरे आणि भातखाचरे होती, तेथे पंधरावीस वर्षांत राष्ट्राच्या उद्योगाचे आणि सामर्थ्याचे एक मोठे केंद्र उभे राहिले. ह्या कामगिरीचा अभिमान आम्हांला कोणाहून कमी नाही. भाभांना बागांची आणि झाडांची हौस होती, तिच्या खुणा अजून केंद्रात दिसतात. केंद्राच्या नोकरवर्गासाठी वसवलेले अणुशक्तिनगर हे तर आपल्या देशात नगररचना म्हणजे काय ते दाखवण्याजोगे स्थळ आहे: प्रशस्त रस्ते, क्रीडांगणे, अणुऊर्जा खात्याच्या स्वतःच्या शाळा, स्वतःचे रुग्णालय. तेथे राहणाऱ्या विद्वानांना आणि कारागिरांना हे सुख मिळते ह्याचा हेवा करणारे आम्ही नव्हेत. आमचा प्रश्न निराळाच आहे. एवढे नेटके नगर उभारण्याची बुद्धी, पैसा आणि माणसे ज्यांच्यापाशी होती, त्यांच्या हिशेबात ते नगर बांधणारा गवंडी, त्याची झाडलोट करणारा कंत्राटी मजूर, त्यातील स्वयंपाकघरांत भांडी घासणारी बाई आणि त्याच्या दाराशी भाजी आणणारा माळी रात्री कोठे निजणार, हा आकडा कोठे मांडला होता?

तो मांडला नव्हता, ह्याचा पुरावा जनता कॉलनी हा आहे. हे प्रकरण आजच्या तरुण वाचकांना बहुधा माहीत नसेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. मुंबई शहरातील झोपड्या उठवून त्यांतील माणसांना पालिकेनेच मानखुर्दजवळच्या ओसाड, दलदलीच्या जागेत नेऊन बसवले. तीच पुढे जनता कॉलनी झाली. म्हणजे ह्या लोकांनी जागा बळकावली नव्हती. त्यांना तेथे पाठवण्यात आले होते. त्यांनी दलदल भरली, घरे बांधली, दुकाने काढली, मुलांसाठी वर्ग चालवले. पुढे अणुकेंद्राला विस्तारासाठी ती जागा हवी झाली, आणि ज्यांना सरकारी माणसाने हात धरून आणून बसवले होते ते एका कागदाने अतिक्रमक ठरले. ह्याच वस्तीत कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखातून आलेला एक तरुण राहत होता, जोकिन अर्पुथम त्याचे नाव. त्याने लोक जमवले, अर्ज केले, मोर्चे काढले, तुरुंग पाहिले, न्यायालये गाठली, दिल्लीपर्यंत धडक मारली. शेवटी आणीबाणीच्या अंमलात, १९७६ च्या मे महिन्याच्या १७ तारखेस, पोलिसांच्या बंदोबस्तात सुमारे ७०,००० माणसांची ती वस्ती उठवण्यात आली. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना मंजूर होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती, आणि त्या प्रदेशाचे नियोजन करण्यासाठी काढलेले प्राधिकरण सव्वा वर्षाचे होते.

ह्या माणसांना कोठे नेले? सुरक्षिततेसाठी त्यांना छावणीपासून दूर न्यावयाचे होते, असे कोणास वाटत असेल तर त्याने चीता कॅम्प पाहून यावे. तो ट्रॉम्बेतच आहे, खाडीच्या दलदलीच्या कडेला, आणि केंद्राच्या हद्दीपासून मुळीच लांब नाही. एका दलदलीत भराव घालून पक्की केलेली जमीन काढून घेतली आणि भराव घालण्यासाठी दुसरी दलदल दिली, असा तो व्यवहार होता. अर्पुथम ह्यांना पुढे २००० साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले आणि २०११ साली सरकारने पद्मश्रीही दिली. २०१८ साली ते वारले. माणसाला पदक देणे सरकारला साधले. त्याची वस्ती ज्या रीतीने हलवली ती रीत मात्र सरकारने सोडली नाही.

ती सोडली नाही, हे पुढच्या पन्नास वर्षांत वारंवार दिसून आले. १९७० च्या सुमारास शहरातून उठवलेल्या लोकांसाठी गोवंडीला शिवाजीनगर वसले, तेही कचराभूमीच्या कुशीत. ह्या शतकाच्या आरंभी रेल्वेमार्ग आणि रस्ते रुंद करण्यासाठी हजारो कुटुंबे हलवली, ती मानखुर्दचे लल्लूभाई कंपाऊंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाऊंड, वाशी नाका अशा ठिकाणी उंच इमारतींत कोंबली. त्यांतील काही इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि क्षयरोगाने तेथे जे ठाण मांडले आहे त्याचा उगम डॉक्टरांनी ह्याच अंधारात आणि कोंडलेल्या हवेत दाखवला आहे. माहुलला तर २०१७ पासून तानसा जलवाहिनीकाठची कुटुंबे पाठवण्यात आली, आणि २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की तेथील हवा माणसांना राहण्यायोग्य नाही, कोणालाही तेथे बळजबरीने ठेवू नका.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. देवनारच्या गर्दीचा सारा भार अणुकेंद्राच्या किंवा आरमाराच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. त्यातला मोठा वाटा मुंबईने स्वतःच्या अंगणातून झाडून इकडे लोटलेल्या माणसांचा आहे. पण ती इकडेच का लोटली गेली? कचरा, कारखाने आणि कुंपणे ह्यांनी वेढलेल्या जमिनीला श्रीमंताच्या लेखी मोल राहत नाही, आणि श्रीमंताला जी नको ती जमीन सरकारच्या मते गरिबांसाठी ‘उपलब्ध’ असते. अशा रीतीने छावणी दोन वाटांनी वस्ती ओढते: एक कामाच्या आशेने येणारी आणि दुसरी जमिनीच्या स्वस्ताईने ढकलली जाणारी. पहिली वाट बहुतेकांना दिसते. दुसरीकडे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

विपर्यास असा, की माणसे मोजण्याचे आणि समाजाची सेवा करण्याचे शास्त्र शिकवणाऱ्या देशातील दोन नामांकित संस्था ह्याच देवनारात आहेत. १९३६ साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ साली येथे आली. त्याच वर्षी अणुकेंद्राचा पाया पडला. १९५६ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने निघालेली लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्थाही देवनारलाच आहे. टाटा संस्थेने आपल्या पंचाहत्तरीला, २०११ साली, एम पूर्व विभागाच्या पाहणीचे व सुधारणेचे काम हाती घेतले, हे तिला भूषणावह आहे. परंतु ज्ञान इतके जवळ असता आराखडा इतका दूर राहावा ह्याचे कारण काय? सल्ला मागण्याचा अधिकार ज्यांच्या हाती, त्यांनी तो मागितलाच नाही, एवढेच.

आता थोडे आकड्यांविषयी. २००१ च्या शिरगणतीत एम पूर्व विभागाची वस्ती पावणेसात लाखांच्या घरात होती. २०११ साली ती आठ लाखांवर गेली. २००९ साली मुंबई महापालिकेच्याच वतीने तयार झालेल्या मानवी विकास अहवालात हा विभाग चोवीस विभागांत तळाला होता, आणि त्यातील तीनचतुर्थांशाहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. असे असूनही, दर चौरस किलोमीटरला माणसे किती हे काढू गेले तर हा विभाग मुंबईच्या मानाने काही फार दाट दिसत नाही! कारण भागाकार करताना विभागाच्या क्षेत्रफळात अणुकेंद्राची विस्तीर्ण जमीन, डोंगर, खाजण आणि कचराभूमी हे सारे धरले जाते. ज्या जमिनीवर पाऊल ठेवण्यास मज्जाव आहे ती जमीन कागदावर मात्र गोवंडीच्या माणसाच्या वाट्याला येते, आणि त्याच्या वस्तीला ‘विरळ’ ठरवून आणखी माणसे सामावण्याची तिची क्षमता सिद्ध करते. अशा सरासरीला गणित म्हणावे की जादूगिरी, हे वाचकांनीच ठरवावे.

आमच्या विरुद्ध तीन आक्षेप येतील, आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला सुरक्षिततेचा. दारूगोळ्याजवळ किंवा अणुभट्टीजवळ वस्ती असणे हेच मुळी धोक्याचे. मग तिच्या सोयी कसल्या करता, ती हटवा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. धोका खोटा नाही. १९४४ च्या एप्रिलच्या १४ तारखेस व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ हे दारूगोळ्याने भरलेले जहाज फुटले, तेव्हा शेकडो माणसे मेली आणि गोदीलगतची वस्ती जळून गेली. २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली, तिने अधिकारी व जवान ह्यांचे बळी घेतले आणि आसपासची खेडी हादरली. अंतर राखलेच पाहिजे. पण अंतराला किंमत असते, आणि ती किंमत कोणी द्यावयाची हा खरा वाद आहे. १९०३ चा संरक्षण-बांधकामांचा कायदा इंग्रजांच्या अमदानीतला असूनही न्यायी आहे. छावणीभोवती बांधकामाला मनाई करावयाची असेल तर सरकारने तसे जाहीर करावे, सीमा नकाशावर दाखवावी आणि ज्यांचे नुकसान होईल त्यांना भरपाई द्यावी, असे तो सांगतो.

आम्ही मात्र काय केले? कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीचा घोटाळा २०१० साली चव्हाट्यावर आला, तेव्हा १८ मे २०११ रोजी संरक्षण मंत्रालयाने एक परिपत्रक काढले: ठाण्याच्या भिंतीपासून शंभर मीटरपर्यंत, आणि चार मजल्यांवरील इमारत असेल तर पाचशे मीटरपर्यंत, लष्कराच्या संमतीवाचून वीट रचू नये. ना जाहीरनामा, ना नकाशा, ना भरपाई. पापे झाली कुलाब्यात, शिक्षा झाली कांदिवली-मालाडच्या आयुधभांडाराभोवती राहणाऱ्या मध्यमवर्गीयांना. त्यांच्या जुन्या, गळक्या इमारतींची पुनर्बांधणी वर्षानुवर्षे अडकून पडली. २०१६ च्या ऑक्टोबरात अंतरे कमी करण्यात आली, काही ठाण्यांना दहा मीटर तर काहींना शंभर. म्हणजे पाच वर्षे जे अंतर राष्ट्राच्या सुरक्षिततेला अत्यावश्यक होते ते एका सहीने अनावश्यक झाले. खाडीपलीकडे उरणला तर करंज्याच्या आरमारी शस्त्रागाराभोवतीच्या सुरक्षापट्ट्यात अडकलेले गावकरी कित्येक वर्षे एकच गोष्ट मागत आहेत: आमच्या जमिनी लागत असतील तर मोल देऊन घ्या, लागत नसतील तर पट्टा उठवा. ह्यात राष्ट्रद्रोहाचे काय आहे ते आम्हांला दिसत नाही. आमच्या वाचकांपैकी जे कांदिवलीत राहतात त्यांना आपल्या इमारतीची कथा कळते, पण गोवंडीची तीच कथा कळत नाही, ह्याचे मात्र आम्हांला नवल वाटते.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. छावणीत किती माणसे येणार, ती किती वाढणार, हे बाहेर कळले तर शत्रूला कळेल, असे म्हणतात. ह्याला उत्तर देण्यासाठी जरा दूर, अमेरिकेच्या वायव्य टोकाला जाऊ. वॉशिंग्टन संस्थानात टाकोमा शहराजवळ फोर्ट लुईस ही लष्करी छावणी आणि मॅकॉर्ड हे विमानदळाचे ठाणे २०१० साली एक करण्यात आले. इराक व अफगाणिस्तानच्या लढायांच्या काळात तेथे फौज भराभर वाढली होती. घरभाडी चढली, शाळांना वर्ग पुरेनात, आणि छावणीतून जाणारा हमरस्ता मोटारींनी तुंबू लागला. तेव्हा त्यांच्याच संरक्षण खात्याने पैसा पुरवून आसपासच्या नगरांकडून व जिल्ह्यांकडून वाढीचा एक संयुक्त आराखडा करून घेतला. तो २०१० च्या डिसेंबरात पुरा झाला. त्यात घरे, शाळा, दवाखाने, रस्ते ह्यांचा हिशेब होता. पुढच्या वर्षी छावणी आणि गावे ह्यांचे एक कायमचे मंडळही स्थापन झाले. हे भूतदयेने झाले असे आम्ही म्हणत नाही; सेनापतीची मोटारही त्याच रस्त्यावर अडकत होती, हे एक कारण असणारच. अमेरिकेची प्रत्येक रीत आपण उचलावी असेही नाही. पण जगातील सर्वांत बलाढ्य लष्कराला जे सांगताना शत्रूचे भय वाटले नाही, ते सांगताना आपल्याला का वाटावे? पालिकेला अणुभट्टीचे रहस्य नको आहे, गलबतांवरील तोफांची यादी नको आहे. पुढील दहा वर्षांत कुंपणाबाहेर राहणारे कंत्राटी कामगार किती असतील आणि त्यांची शाळेत जाण्याजोगी मुले किती असतील, एवढा आकडा मिळाला तरी पुष्कळ झाले. शिवाय ही गुप्तता मोठी चमत्कारिक आहे. रोज सकाळी फाटकाशी रांग लावून उभे राहणारे हात चहाच्या टपरीवाल्यालाही मोजता येतात. ते मोजता येत नाहीत फक्त नगररचनाकाराला.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि मर्म येथेच आहे. आपल्या राज्यघटनेच्या २८५ व्या कलमान्वये केंद्र सरकारच्या मालमत्तेवर पालिकेला कर बसवता येत नाही. कराच्या जागी सेवाशुल्क घ्यावे अशी वहिवाट आहे, आणि २००९ साली राजकोटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे त्याचे प्रमाणही निश्चित झाले: पालिकेच्या सर्व सेवा घेणाऱ्या मालमत्तेने कराच्या ७५ टक्के, काही सेवा घेणारीने ५० टक्के आणि काहीच न घेणारीने एकतृतीयांश द्यावा. वरवर पाहता ह्यात गैर काही नाही. पण परिणाम पाहा. छावणी जितकी स्वयंपूर्ण, जितके तिचे पाणी, रस्ते, शाळा स्वतःच्या, तितके तिचे देणे कमी. तिने आपल्या भिंतीआड जितके चांगले नगर उभारावे, तितका भिंतीबाहेरच्या नगराला तिचा हातभार कमी व्हावा, असा हा हिशेब आहे. त्यात छावणी पालिकेकडून काय घेते ते मोजले आहे. छावणी पालिकेच्या अंगावर काय टाकते ते कोणी मोजलेले नाही. जी बाई सकाळी अणुशक्तिनगरात चार घरची कामे उरकते, तिच्या घरी पाण्याचा नळ नसेल तर तो देण्याचा खर्च कोणाचा? सेवाशुल्काच्या कोष्टकात ह्या प्रश्नासाठी रकानाच नाही. तो घातला पाहिजे. छावणीच्या प्रत्येक विस्ताराच्या अंदाजपत्रकात, जसा भिंतीचा आणि पहारेकऱ्यांच्या चौकीचा खर्च असतो तसा, भिंतीबाहेरील वस्तीच्या पाण्यासाठी, शाळेसाठी व दवाखान्यासाठी ठरावीक हिस्सा असला पाहिजे, आणि तो संसदेने बांधून दिला पाहिजे. विभागाच्या विकास आराखड्यावर चर्चा होते तेव्हा छावणीचा अधिकारी तेथे केवळ हरकती घेण्यासाठी येतो. त्याने देणेकरी म्हणूनही तेथे बसले पाहिजे.

हे सारे आज लिहिण्याचे एक तातडीचे कारण आहे. २०१६ च्या जानेवारीत देवनारची कचराभूमी दिवसचे दिवस जळत राहिली. धूर शहरभर पसरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने, कचऱ्याची व्यवस्था लागेपर्यंत मुंबईत नवी बांधकामे नकोत, असा हुकूम दिला, आणि दादर-पार्ल्याच्या सदनिकांचे बेत खोळंबले तेव्हा कोठे वर्तमानपत्रांना देवनारचा शोध लागला. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी सशर्त सैल केली आणि देवनार पुन्हा विस्मृतीत गेले. आता २०२४ साली राज्य सरकारने त्याच कचराभूमीतील सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरवले आहे, आणि २०२५ साली पालिकेने तेथील १८५ लाख टन जुना कचरा उपसण्यासाठी सुमारे २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. धारावीत ज्यांना अपात्र ठरवले जाईल अशा कुटुंबांना येथे घरे देण्याचा बेत आहे. म्हणजे १९७६ चाच डाव पुन्हा मांडला जात आहे. धारावी महाग झाली, तिच्यातली नको असलेली माणसे स्वस्त जमिनीवर पाठवा. आणि स्वस्त जमीन कोठे, तर कचऱ्यावर, कारखान्यांच्या आणि छावणीच्या शेजारी, जेथे आठ लाख माणसे आधीच दाटीवाटीने राहत आहेत.

तेव्हा ह्या १२४ एकरांचा आराखडा लोकांपुढे येईल त्या दिवशी काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत, आणि त्या गोवंडीच्या माणसाने एकट्याने विचारून भागणार नाही. कचऱ्याखालची जमीन आणि पाणी विषारी नाही हे कोणी तपासले, आणि तो अहवाल मराठीत, उर्दूत व हिंदीत कोठे वाचावयास मिळेल? अणुकेंद्राकडून आणि आरमाराकडून कोणती अंतरे राखावयाची आहेत, ती कोणत्या कायद्याने, आणि भरपाई कोणाला? गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात आज जी रांग लागते तीत आणखी हजारो कुटुंबे उभी राहणार असतील, तर नव्या खाटा किती, आणि त्यांचा खर्च केंद्र सरकार, राज्य सरकार, पालिका व धारावीच्या जमिनीवर नफा मिळवणारी कंपनी ह्यांत कसा वाटला जाणार? शाळा इमारतींच्या आधी उभ्या राहणार की मागाहून? जनता कॉलनीतून चीता कॅम्पला गेलेल्यांपैकी जी म्हातारी माणसे अजून हयात आहेत, त्यांना बोलावून ह्या आराखड्यावर त्यांची साक्ष घेण्याचे सरकारला सुचेल असे दिसत नाही. ती घेण्याचे काम निदान देवनारातल्या त्या दोन संस्थांनी करावे, आणि हरकती व सूचनांची मुदत संपण्याच्या आत करावे.